चाकांचा श्वास : गाडीतील कॉम्प्रेसरची बसवणी आणि निगा

संपादक मंडळाने यंदा लेख मागताना एकच अट घातली : विषय औषधोपचाराचा नसावा, कारण त्यावर आपण बारा महिने बोलतच असतो. ती अट मी इतकी काटेकोरपणे पाळली आहे की शीर्षक वाचून काही वैद्यकबंधू-भगिनींना हसू येईल. पस्तीस वर्षे भूल देण्याचे काम केलेल्या माणसाने गाडीच्या चाकांतील हवेविषयी काय म्हणून लिहावे? माझे उत्तर असे की हवा भरलेला टायर व्यवहारात आणणारा गृहस्थ आपल्याच बिरादरीतला होता. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्ट शहरात जनावरांचा डॉक्टर होता. १८८८ साली त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि त्याच वर्षी पेटंट घेतले. त्याच्या चाळीसएक वर्षे आधी रॉबर्ट थॉमसन याने हीच कल्पना नोंदवली होती, पण ती रुळली नाही. रुळवली ती पशुवैद्याने. शिवाय भूलतज्ज्ञाचा सारा जन्म वायू, दाब, नळ्या आणि झडपा यांच्या संगतीत जातो. तेव्हा हा विषय मला अगदीच परका नाही. आणि हा विषय मी हौसेने निवडला असे दिसले, तरी त्याच्याशी माझी ओळख हौसेतून झालेली नाही. ती कशी झाली हे प्रथम सांगतो.

हवा सोडली, पण भरली नाही

२००० नंतरची काही वर्षे आम्ही चार-पाच डॉक्टर महिन्यातल्या एका रविवारी बोडेलीच्या पलीकडील राठवा वस्त्यांत आरोग्य शिबिरासाठी जात असू. छोटा उदेपूरचा तो सारा मुलूख तेव्हा बडोदे जिल्ह्यातच होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो २०१३ साली. वाटेत ओरसंग नदी लागे. ज्यांनी ओरसंग पाहिली आहे त्यांना तिचे पात्र ठाऊक असेल. पावसाळा सरला की पाण्याची एक बारीक धार उरते आणि बाकी सगळी वाळूच वाळू. पुलाचा वळसा टाळण्यासाठी बैलगाड्या पात्रातूनच जात आणि आम्हीही माझी फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो तिथूनच नेत असू.

वाळूत गाडी घालण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करावी, हे मला एका जुन्या जीपवाल्याने शिकवले होते. त्यामागचे शास्त्र आपल्याला समजायला सोपे आहे. दोन टन वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो भार येतो. टायरमधील दाब प्रति चौरस इंच ३२ पौंड असेल (यापुढे मी नुसते 'पौंड' म्हणेन), तर तो भार पेलण्यासाठी टायरचा ढोबळमानाने सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. दाब १६ पौंडांवर आणला की हाच भाग जवळजवळ दुप्पट होतो आणि वाळूवरील भार त्या मानाने निम्मा होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नये म्हणून आपण हवेची गादी देतो, त्यातही हेच गणित असते. कच्छच्या उंटाचा पसरट तळवाही तेच सांगतो.

पण याला दुसरी बाजू आहे. हवा कमी असलेला टायर डांबरी रस्त्यावर वेगाने पळवला की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दुमडतात आणि उलगडतात. त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते, रबर व आतील धागे यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. म्हणून वाळू संपली की हवा पुन्हा भरायची. ते शक्य नसेल तर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत रांगत जायचे.

जानेवारी २००४ मधला तो रविवार. ज्या घराच्या पडवीत शिबिर चालू होते, तिच्या भिंतीवर पिठोराचे घोडे रंगवलेले होते. दुपारी तीनच्या सुमारास चौघांनी खाटल्यावर घालून एक बाई आणली. आदल्या रात्रीपासून कळा येत होत्या, पण प्रसूती पुढे सरकत नव्हती. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "बाळाचे ठोके उतरताहेत. पोट उघडावे लागेल." जवळपास दूरध्वनी नव्हता, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. माझी गाडी हीच रुग्णवाहिका.

सकाळी येताना हवा भरलेल्या चाकांनी वाळूत अर्धा तास खाल्ला होता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून मी काठावर थांबून चारही चाकांची हवा १५ पौंडांवर आणली. त्याला चार-पाच मिनिटे लागली. गाडी पात्रातून होडीसारखी पार झाली. पलीकडे डांबरी रस्त्यावर येऊन मी पायपंप बाहेर काढला आणि पाहतो तो त्याची रबरी नळी तोंडाशी चिरलेली. पंप दोन वर्षे डिकीत पडून होता. मी तो एकदाही चालवून पाहिला नव्हता.

बोडेली पंधरा किलोमीटरवर होती. मागच्या सीटवर ती बाई कण्हत होती. हळू जायला हवे हे मला माहीत होते, आणि मी हळू गेलो नाही. सहा-सात किलोमीटरवर मागचे डावे चाक फाटले. रस्त्याकडेच्या भुसभुशीत मातीत जॅक रुतत होता. स्टेपनी बसवून, उरलेल्या तीन मऊ चाकांवर बोडेलीपर्यंत रांगत जाऊन, हवा भरून पुढे निघेपर्यंत पन्नास मिनिटे गेली होती.

बाई वाचली. बाळ वाचले नाही. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी त्या रात्री आणि नंतरही अनेकदा मला सांगितले की त्या पन्नास मिनिटांनी फरक पडलाच असता असे म्हणता येत नाही. ते खरेही असेल. पण मी भूलतज्ज्ञ आहे, मिनिटे मोजणे हाच माझा व्यवसाय. भुलीतून परत आणण्याची सारी तयारी हाताशी असल्याखेरीज आपण रुग्णाला भूल देत नाही. श्वासनलिकेत घालायची नळी, सक्शन, ऑक्सिजन हे सारे आधी चालवून पाहतो आणि मगच औषध टोचतो. हा नियम मी शस्त्रक्रियागृहात हजारो वेळा पाळला होता. नदीकाठी तो मला आठवला नाही.

कॉम्प्रेसर कशाला? आणि कोणता?

गाडीतच कॉम्प्रेसर बसवायचा असे मी ठरवले तेव्हा आमचा मेकॅनिक हसला. "साहेब, हवा तो बधे ज मळे छे!" हमरस्त्यापुरते त्याचे म्हणणे खरे होते. ओरसंगच्या काठाला ते लागू नव्हते.

वाहनात हवेचा कॉम्प्रेसर असणे ही नवी गोष्ट नाही. एस. टी. बस डेपोत थांबताना जो फुस्कारा टाकते, तो हवेच्या ब्रेकचा असतो. ट्रक-बसमध्ये इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर मुळातच असतो. आपल्या छोट्या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालतात, म्हणून त्यांत तो नसतो आणि वेगळा बसवावा लागतो. बाजारात मिळणारे विजेवरचे कॉम्प्रेसर ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, सिगारेट लायटरच्या खोबणीत खोचायचा हातात मावणारा. आणि दुसरा, गाडीत कायमचा जखडून थेट बॅटरीवर चालणारा. दुसऱ्यात बारा व्होल्टची मोटर, एक सिलिंडर, एक दट्ट्या आणि दोन झडपा एवढाच संसार असतो. बहुतेकांत वंगणतेल नसते. दट्ट्याची कडी टेफलॉनसारख्या स्वतःच निसरड्या पदार्थाची असते.

निवड करताना मोठा दाब पाहून भुलू नये. डब्यावर ठसठशीत अक्षरांत १५० पौंड लिहिलेले असते, पण आपल्याला हवा भरायची असते ती ३०-३५ पौंडांपर्यंत. खरा प्रश्न असतो तो मिनिटाला किती लिटर हवा मिळते याचा, आणि तीही नळीचे तोंड मोकळे असताना नव्हे, तर ३० पौंडांच्या विरोधी दाबासमोर. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण सर्वांनी प्री-मेडिकलला पाठ केलेला आहे. तो येथे उपयोगी पडतो. माझ्या गाडीच्या २१५/७५ आर १५ मापाच्या टायरची पोकळी सुमारे ५० लिटर भरते. १५ पौंडांवरून ३२ पौंडांवर जायचे म्हणजे १७ पौंड वाढवायचे, आणि वातावरणाचा दाब १४.७ पौंड. तेव्हा ५० ला १७ ने गुणून १४.७ ने भागले की येतात सुमारे ५८ लिटर. चार चाकांना २३० लिटरच्या वर. मिनिटाला १० लिटर देणाऱ्या छोट्या यंत्राला यासाठी तेवीस मिनिटे अखंड धापा टाकाव्या लागतील आणि तेवढा वेळ ते बहुधा टिकणार नाही. मिनिटाला ४० लिटर देणारे यंत्र हेच काम सहा मिनिटांत करते.

पुष्कळांना वाटते की सोबत हवेची टाकी असली म्हणजे काम भागले. तेही गणिताने तपासावे. आठ लिटरच्या टाकीत १०० पौंड दाब असेल तर तो ३५ पर्यंत उतरताना टाकीतून बाहेर पडते सुमारे ३५ लिटर हवा. एवढ्यात एकही चाक पुरे भरत नाही. टाकी हा साठा नाही, ती उशी आहे. महारोहिणी जशी हृदयाच्या ठोक्यांमधील धक्के सामावून घेते तशी. केवळ चाके भरायची असतील तर टाकीवाचून चालते.

निवडीतील दुसरा मुद्दा ड्यूटी सायकलचा, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ यंत्र चालवता येते याचा. ३३ टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटे काम आणि वीस मिनिटे विश्रांती असा अर्थ घ्यावा. हा आकडा बहुधा १०० पौंड दाबाला आणि थंड हवेत मोजलेला असतो. टायरपुरत्या कमी दाबाला यंत्र जास्त वेळ चालते, पण बडोद्याच्या मे महिन्यात ती सवलत उन्हातच जिरते. विश्रांतीची लाज यंत्राला नसावी. आपले हृदयसुद्धा शांत अवस्थेत साधारण एक-तृतीयांश वेळ आकुंचन पावते आणि दोन-तृतीयांश वेळ सैल पडते. स्वतःचा रक्तपुरवठाही ते मुख्यतः त्या सैल वेळातच भागवते.

यंत्र इतके तापते का, याचे उत्तर दाबल्या जाणाऱ्या हवेत आहे. ३० अंशांची हवा १०० पौंडांपर्यंत एकदम दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे २७० अंश सेल्सियस होते. ३५ पौंडांपर्यंत दाबली तरी दीडशेच्या वर जाते. प्रत्यक्षात पुष्कळ उष्णता सिलिंडरच्या पाकळ्यांतून निघून जाते. तरीही कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पहिली नळी पोलादी जाळीचीच का लागते, हे यावरून कळावे.

बसवणी : माझ्या चुकांसह

माझा कॉम्प्रेसर अमेरिकेतील भाच्याने सुटीवर येताना सामानातून आणला. तो मी दोनदा बसवला, कारण पहिल्यांदा चुकीचा बसवला.

पहिला प्रश्न जागेचा. बॅटरी जवळ म्हणून मी तो बॉनेटखाली, रेडिएटरच्या बाजूला खालच्या अंगाला जखडला. तिथे इंजिनाची धग होती, आणि पावसाळ्यात एका ओढ्यातून जाताना गढूळ पाणी त्याच्या हवेच्या गाळणीत शिरले. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पाणी व वाळूने मिळून कडी खरवडून काढली. दुसऱ्यांदा मी तो मागच्या सीटखाली बसवला. जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : पाण्याच्या पातळीच्या वर, सायलेन्सरपासून दूर, भोवती वारा खेळता, आणि हात पोहोचेल अशी. खाली रबरी बुशे व नायलॉनच्या कडीचे नट वापरावेत. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्याने साधे नट आठवड्यात सैल होतात.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि येथे चूक झाली तर गाडी पेटू शकते. असा कॉम्प्रेसर २० ते ४० अँपिअर प्रवाह ओढतो. तो गाडीच्या मूळ वायरिंगमधून कधीही घेऊ नये. बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र जाड तार आणावी. त्या तारेवर बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज बसवावा. फ्यूज कॉम्प्रेसरचे रक्षण करण्यासाठी आहे असा समज असतो. वास्तविक तो तारेचे रक्षण करतो. तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर फ्यूजच्या अलीकडील भाग उघडाच राहतो, म्हणून तो भाग जितका आखूड तितका बरा. डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून हा प्रवाह जाता कामा नये. बटणाने रिले चालवावा आणि रिलेने कॉम्प्रेसर. बटणाला वीज किल्ली फिरवल्यावरच मिळेल अशी जोडणी केली, म्हणजे उभ्या गाडीत चुकून बटण दाबले जाऊन बॅटरी रिकामी होत नाही.

तारेची जाडी हिशेबाने ठरवावी. मागच्या सीटपर्यंत जाऊन-येऊन आठ मीटर तांब्याची तार धरली आणि प्रवाह ३० अँपिअर, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत दीड व्होल्टहून अधिक वाटेतच खर्ची पडतात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ०.७ आणि १० मध्ये ०.४. मी प्रथम घरात उरलेली तार वापरली होती. मोटर रडतखडत चाले आणि तार हाताला गरम लागे. अरुंद झालेल्या धमनीपलीकडचा स्नायू जसा उपाशी राहतो, तसेच ते होते. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडी घालावी आणि ऋण टोकही तितक्याच जाड तारेने, रंग खरवडून काढलेल्या उघड्या धातूला कसावे.

तिसरा प्रश्न हवेच्या वाटेचा. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा पोलादी जाळीच्या नळीतून एकदिशा झडपेकडे जाते. ही झडप आपल्या हृदयातील झडपांसारखी. गेलेली हवा परत फिरू देत नाही. पुढे टाकी असल्यास तिच्यावर तीन वस्तू हव्यातच : ठरावीक दाबाला मोटर बंद करणारा व दाब उतरला की चालू करणारा स्विच, तो स्विच अडकला तर हवा सोडून देणारी सुरक्षा झडप, आणि सर्वांत खालच्या बिंदूला पाण्याच्या निचऱ्याची तोटी. सुरक्षा झडप प्रेशर कुकरच्या शिट्टीइतकीच आवश्यक आहे; तिच्याशिवाय टाकी बसवू नये.

येथे एक बारीक खोच आहे. अमेरिकन जोडांचे आटे आणि आपल्याकडील ब्रिटिश मापाचे आटे दिसायला सारखे असतात. पाव इंची जोडात मात्र एकाला इंचामागे १८ आटे, तर दुसऱ्याला १९. मेकॅनिकने पान्याचा जोर लावून ते एकमेकांत बसवले. बसल्यासारखे दिसले आणि तिथूनच हवा गळत राहिली. भुलीच्या यंत्रावर एका वायूचे सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसूच नये म्हणून पिनांची ठरावीक रचना असते. तशी सोय येथे नाही. जोड घेताना आटे मोजून घ्यावेत. टेफलॉनची पट्टी गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर तिचे तुकडे आत जाऊन झडपेत अडकतात.

निगा : दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यासारखी

कॉम्प्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवावे, म्हणजे बॅटरीवर भार पडत नाही. मात्र हे काम उघड्यावर करावे. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

प्रत्येक प्रवासानंतर टाकीतले पाणी काढावे. हे पाणी कुठून येते असे मला एका शल्यचिकित्सक मित्राने विचारले होते. ३० अंशांची दमट पावसाळी हवा एका घनमीटरमागे पंचवीसएक ग्रॅम बाष्प बाळगते. तीच हवा १०० पौंडांपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की तिचे आकारमान आठव्या हिश्शाच्या आसपास येते आणि तेवढ्या जागेत मावते जेमतेम चार ग्रॅम बाष्प. उरलेले वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी, टाकीच्या तळाशी. ते तसेच राहिले तर पोलादी टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी बाहेरून निरोगीच दिसते.

महिन्यातून एकदा, गरज असो वा नसो, कॉम्प्रेसर पाच मिनिटे चालवावा आणि कान देऊन ऐकावा. स्टेथोस्कोपवर वाढलेल्या कानाला बदललेला ठोका लगेच कळतो. हवेची गाळणी झटकावी, आणि फार मळली तर बदलावी. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. गळती तपासण्याची आणखी एक रीत म्हणजे रात्री टाकी १०० पौंडांवर भरून सकाळी दाब वाचणे. मात्र तापमान ३५ अंशांवरून २० वर आले असेल तर पाच-सहा पौंड आपोआप उतरतात. ती गळती समजू नये.

सहा महिन्यांनी फ्यूजचा कप्पा, तारांची टोके आणि बैठकीचे नट पाहावेत. फ्यूजचा कप्पा वितळल्यासारखा दिसला तर जोड सैल आहे. मोठा फ्यूज घालणे हा त्यावरचा इलाज नाही. ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडण्यासारखे ते होईल. वर्षातून एकदा सुरक्षा झडपेची कडी ओढून ती सुटते की नाही ते पाहावे, दाबमापक दुसऱ्या भरवशाच्या दाबमापकाशी ताडून घ्यावा आणि रबरी नळी बोटाने वाकवून चिरा शोधाव्यात. त्या शेवटच्या तपासणीला माझ्याकडून दोन मिनिटे कधीच चुकत नाहीत.

डॉक्टर या नात्याने दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. ज्या टायरवर हवा नसताना गाडी बरीच चालली असेल त्यात हवा भरू नये. त्याची भिंत आतून तुटलेली असते आणि भरतानाच ती फुटू शकते. दुसरे, दाबाची हवा कोणाच्या अंगावर सोडू नये. कपड्यावरची धूळ उडवण्यासाठीही नाही. जखमेतून ती त्वचेखाली शिरते, आणि कारखान्यांत चेष्टेने सोडलेल्या हवेने आतडे फाटल्याचे रुग्ण आपल्यापैकी काही शल्यचिकित्सकांनी पाहिले असतील. ही हवा कोणाला श्वासासाठी देण्याचा विचारही करू नये. तिची गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही.

शेवटी

२००७ पासून गुजरातेत १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली, आणि आजारी माणूस माझ्या बोलेरोतून नेण्याची वेळ पुढे क्वचितच आली. ती गाडीही मी विकली. कॉम्प्रेसर मात्र काढून घेतला आणि नवी कडी घालून पुढच्या गाडीत बसवला. आता आपल्यातील अनेक तरुण डॉक्टर हिवाळ्यात कच्छच्या रणाकडे आणि राजस्थानच्या वाळूकडे मोठ्या गाड्या घेऊन जातात. त्यांनी मला कधी विचारले, की कोणत्या कंपनीचा कॉम्प्रेसर घ्यावा, तर मी कंपनीचे नाव सांगत नाही. एक क्रम सांगतो.

वाळूच्या काठावर गाडी थांबवली की मी आधी कॉम्प्रेसर चालू करतो. अर्धा मिनिट त्याचा आवाज ऐकतो, नळीच्या तोंडाशी अंगठा धरून हवा येते हे पाहतो आणि तो बंद करतो. चाकाच्या व्हॉल्व्हला हात लावतो तो त्यानंतर. बरोबरची मंडळी घाईने विचारतात की हवा सोडायची असताना भरण्याचे यंत्र कशाला चालवता. मी त्यांना थोडे थांबायला सांगतो.